ओवी, श्लोक आणि तिसरं बाळ

‘ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही बारामतीला राहतो. थोरली ओवी आठ वर्षांची, तिच्या पाठचा श्लोक पाच वर्षांचा. मला आता सातवा महिना चालू आहे. माझे सासरे मराठीचे निवृत्त शिक्षक. दोन्ही मुलांची नावं त्यांनीच सुचवली आणि ती आम्हाला मनापासून आवडली. आता ते म्हणतात, जुन्या वचनात चार रचना सांगितल्या आहेत, वामनपंडितांचा श्लोक, तुकोबांचा अभंग, ज्ञानोबांची ओवी आणि मोरोपंतांची आर्या. दोन घरात आल्या, आता मुलगी झाली तर आर्या, मुलगा झाला तर अभंग. नणंदबाईही म्हणतात की भावंडांची नावं एका माळेतली हवीत. बारशाला बाळाच्या कानात नाव त्याच सांगणार, त्यामुळे त्यांचा शब्द मोडवत नाही.

माझ्या मनात मात्र मुलगी झाली तर तारा हे नाव आहे. माझ्या आईचं. तिला जाऊन सव्वा वर्ष झालं. यजमानांखेरीज हे मी कुणाला बोललेले नाही. ते म्हणतात, तुझ्या मनात आहे तर ठेव, पण बाबांना तूच सांग. मुलगा झाला तर काय, हे मला सुचलेलंच नाही. तारा ठेवलं तर ती या दोघांत वेगळी पडेल का? मोठी झाल्यावर विचारेल का, की त्यांना कवितेची नावं दिलीत आणि मलाच का नाही? आणि मी उगाच हट्ट करते आहे का?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हा हट्ट नाही. नऊ महिने पोटात वाढवलेल्या बाळाला स्वतःच्या आईचं नाव द्यावंसं वाटणं, आणि तेही घरात कुणाला न दुखावता कसं जमेल याची काळजी करणं, याला हट्ट म्हणत नाहीत.

पण तुमच्या सासऱ्यांचं मन मला नीट कळतं, म्हणून त्यांच्या बाजूने थोडं बोलते. तुम्ही बारामतीच्या. मोरोपंत जन्मले पन्हाळ्यावर, १७२९ साली, पण त्यांचं आयुष्य गेलं ते तुमच्या गावात. आर्या लिहाव्यात तर त्यांनीच. बारामतीत उभी हयात मराठी शिकवलेल्या माणसाला आपल्या नातवंडांच्या नावांतून ते वचन पूर्ण व्हावंसं वाटलं, तर ते स्वाभाविक आहे. त्यांनी दिलेली पहिली दोन नावं तर सुंदरच आहेत. ओवी म्हणताना जातं ऐकू येतं, श्लोक म्हणताना देवघर. तेव्हा त्यांच्याशी बोलायला जाल तेव्हा त्यांचा विचार चुकीचा आहे असं मनात धरून जाऊ नका. दोन मुलांपर्यंत तो अगदी बरोबर होता. तिसऱ्याशी येऊन तो अडतो, आणि का अडतो ते सांगते.

त्याआधी माझ्या घरातली गोष्ट. मी सुरेखा, माझी धाकटी बहीण सुलेखा. आमच्या आईवडिलांना ही जोडी फार गोड वाटली होती, आणि पाळण्यात असेपर्यंत ती होतीही. आम्ही कॉलेजात असताना दोघी एकदमच आजारी पडलो. गावातल्या दवाखान्यात एकाच दिवशी दोघींचं रक्त घेतलं. आडनाव एक, वडिलांचं नाव एक, आणि आमच्या नावांत फरक एका अक्षराचा, तोही र आणि ल यांचा. केसपेपरवर कुणीतरी घाईत लिहिलं आणि रिपोर्टांची अदलाबदल झाली. हिमोग्लोबिन माझं कमी होतं. लोहाच्या गोळ्या तीन आठवडे सुलेखाने घेतल्या, आणि चक्कर मला येत राहिली. शेवटी आईच्या लक्षात आलं की गोळ्या घेणारी पोरगी धडधाकट आहे आणि दुसरी भिंतीला धरून चालते आहे.

ते निस्तरलं. पण मनात राहिलं ते वेगळंच. आमची एक मावशी हाक मारायची, ‘अगं सुरेखा, सुलेखा, जी कोण असशील ती, इकडे ये.’ ती प्रेमळ होती, तिचा हेतू वाईट नव्हता. पण ‘जी कोण असशील ती’ हे शब्द लहानपणी मला फार लागायचे. मी सुलेखापेक्षा तीन वर्षांनी मोठी, माझा स्वभाव वेगळा, माझं अक्षर वेगळं, आणि हाक मात्र दोघींत मिळून एक. आम्हा दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नाही, तरी आजही फोनवर कुणी नुसतं ‘सुलेखाताई का?’ म्हणालं की क्षणभर मी ती सात वर्षांची मुलगी होते.

म्हणून भावंडांची नावं जुळावीत का, असं कुणी विचारलं की मी हो म्हणते. मात्र ती कानाला सारखी लागू नयेत. त्यांच्यात असलाच धागा, तर तो आतून असावा.

असा धागा आपल्याकडे फार जुना आहे. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही चार भावंडं घ्या. तुमचे सासरे हे उदाहरण देतीलच, म्हणून आधीच सांगते. विरक्ती, ज्ञान, जिना आणि मुक्ती, अर्थ लावत गेलं तर चार नावांचा एक प्रवास होतो. पण एकाचंही अक्षर दुसऱ्याशी जुळत नाही, यमक नाही, आणि नुसतं ‘मुक्ता’ म्हटलं तरी ते नाव पुरं आहे, बाकीच्या तिघांचा आधार त्याला लागत नाही. पुण्याचे चापेकर बंधू दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव. तिन्ही नावं एकाच देवाची, आणि तरी वाड्याच्या दारातून कुणाला हाक मारली याचा घोटाळा कधी व्हायचा नाही. मंगेशकरांच्या घरात तर लता, मीना, आशा, उषा या चार दोन अक्षरी नावांशेजारी एकुलत्या एक भावाचं नाव हृदयनाथ. चार बहिणींच्या आखूड, मोकळ्या नावांपुढे केवढं जड आणि लांब नाव! पण तो त्या घरचा नाही असं कधी कुणाला वाटलं का?

तुमच्या नणंदबाईंना एका माळेची काळजी आहे, तर त्यांना हेच दाखवा. माळेतले मणी वेगवेगळ्या रंगांचे असले तरी दोरा एक असतो.

आता सासऱ्यांसाठी. ते मराठीचे शिक्षक, त्यांना लघू-गुरूच्या भाषेत सांगा, ते ऐकतील. ओवी म्हणजे दोन गुरू. तारा म्हणजे दोन गुरू. मात्रा चार आणि चार. आर्याही तेवढीच, म्हणजे वजनाने तारा ही आर्येच्या तोडीस तोड आहे. श्लोक हा एक गुरू आणि एक लघू, त्यामुळे हाक मारताना मध्ये तो तोडून येतो आणि शेवटी ‘तारा’ पुन्हा लांब उघडतं. ‘ओवी, श्लोक, तारा, चला जेवायला.’ मोठ्याने म्हणून बघा. मी कालपासून स्वयंपाकघरात म्हणते आहे. ओवीत आणि श्लोकात दोन्हीकडे ‘ओ’ आहे, तारात दोन्ही अक्षरांना ‘आ’, त्यामुळे गच्चीवरून हाक मारली तरी कुणाला बोलावलं ते खाली बरोबर कळेल. हे तिघंही एकाच घरचे वाटतात, कारण तिघांची भाषा एक आहे. नावं सुटसुटीत, अर्थ सरळ, जोडाक्षर असलंच तर जिभेवर पटकन बसणारं, आणि अर्थ विचारायला शब्दकोश उघडावा लागत नाही. नावं न जुळणं म्हणजे काय, ते उलट बाजूने बघा. ओवी आणि श्लोक यांच्यानंतर तुम्ही कियान किंवा मायरा ठेवलं असतं, तर ती नावं स्वतःच्या जागी कितीही गोड असली तरी या दोघांशेजारी पाहुणी वाटली असती. तारा पाहुणी वाटत नाही.

तुमच्या यादीतल्या आर्याबद्दल मला तक्रार नाही, ते चांगलं नाव आहे. फक्त गेली काही वर्षं मी ज्या शाळेत गेले तिथल्या हजेरीत आर्या, आर्यन, आरव, आरोही एकामागून एक येतात, आणि बाई ‘आर्या’ म्हणाल्या की दोन-तीन माना वर होतात. अभंगचा अर्थ मोठा आहे, जे भंगत नाही ते. पण ते आपल्याकडे आडनावही आहे, तेव्हा पहिलं नाव म्हणून ते घेतलं की फॉर्मवर कधीकधी उलटसुलट लिहिलं जाईल. ही लहान कारणं झाली. मोठं कारण पुढे आहे.

तिसरं मूल घरात येतं तेव्हा त्याच्यासाठी पुष्कळ गोष्टी आधीच वापरलेल्या असतात. झबली ओवीची, दुपटी श्लोकची, पाळणा दोघांचा, सायकल तिसऱ्या हाताला आलेली. ते सगळं चालतं. चालावंच, त्यात माया असते, थोरल्यांच्या अंगाचा वास असतो. पण ओवीला विचारलं, तुझं नाव कसं ठेवलं, तर तिच्याकडे एक गोष्ट आहे. आजोबांनी दिलं, ज्ञानोबांची ओवी, घरातलं पहिलं नातवंड. श्लोकचीही असणार. आणि तिसऱ्याला विचारलं तर? ‘चारांतली दोन उरली होती, त्यातलं एक मला दिलं.’ सासऱ्यांच्या मनात असं मुळीच नाही, हे मला ठाऊक आहे. पण मुलाच्या कानाला ते तसंच लागेल. तुम्हाला भीती वाटते की तारा मोठी झाल्यावर विचारेल, त्यांना कवितेची नावं आणि मलाच का नाही. तिला तुम्ही सांगाल, ‘तुझं नाव माझ्या आईचं आहे.’ त्या दिवशी ओवीच विचारेल, मला का नाही आजीचं नाव. तेव्हा तिला जवळ घ्या आणि तिच्या नावाची गोष्ट पुन्हा सांगा. तिघांच्या तीन गोष्टी हव्यात आणि तिन्ही तेवढ्याच लांबीच्या हव्यात. भावंडांची नावं जुळणं मी त्यालाच म्हणते.

आणि कवितेशी ताराचं काही नातं नाही, हेही तितकंसं खरं नाही. ओवी ज्ञानेश्वरांनी ग्रंथात आणली, पण बायका ती पहाटे जात्यावर गात आल्या. त्या ओव्यांत काय असतं? आई असते, माहेर असतं, भाऊ न्यायला येतो, माय वाट बघते. सासरी दळणाऱ्या बाईने आपल्या आईची आठवण काढली ती ओवीत. तुमच्या घरात थोरलीचं नाव ओवी आहे, आणि तिच्या पाठीवर तिच्या आईच्या आईचं नाव येतं आहे. यापेक्षा जवळचा धागा कुठून आणायचा? हे सासऱ्यांना सांगून बघा. मराठी शिकवलेला माणूस यावर गप्प बसून विचार करेल.

नाव म्हणूनही तारा भारदस्त आहे. राजाराम महाराजांच्या पश्चात औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणाऱ्या महाराणी ताराबाई, १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे, कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी उभी करणाऱ्या ताराबाई मोडक. आणि इतकं असूनही दोन अक्षरांत मावणारं, चार वर्षांच्या मुलीला स्वतःचं स्वतः लिहिता येईल असं. त म्हणजे तलवार, र म्हणजे रथ, दोन काने. झालं.

एका गोष्टीबद्दल मात्र तुम्हाला सावध करायचं आहे, कारण पत्रात तुम्ही ती लिहिली नाहीत आणि मला ती ओळींमागे दिसली. सव्वा वर्ष फार नाही. आईचं नाव मुलीला दिलं की ते दिवसातून पन्नास वेळा तोंडात येणार, आणि नेहमी मायेनेच येणार असं नाही. तुमच्या आईला तुम्ही कधी नावाने हाक मारली नसेल. त्यामुळे हा आठवडा एक करा. घरात कुणी नसताना मोठ्याने म्हणा, ‘तारा, चपला कुठे काढल्यास?’ ‘तारा, पुरे झाला मोबाईल.’ ‘तारा, किती वेळा सांगितलं, दूध सांडू नको.’ पहिल्या दिवशी घसा दाटेल, दाटू दे. आठवड्याने नाव मुलीचं वाटायला लागलं, तर निर्धास्त ठेवा. तरीही दर वेळी डोळ्यांत पाणीच येत असेल, तर थोडं थांबा आणि नवऱ्याशी बोला, कारण बाळाला हसऱ्या तोंडाने हाक मारलेली हवी असते. मला वाटतं तुम्हाला जमेल. जुन्या काळी आजेसासऱ्याचं नाव पणतवाला ठेवायचे आणि घरातल्या सुनांना ते उच्चारता यायचं नाही, म्हणून मग त्याला नाना, अप्पा, बाळ असं काहीतरी म्हणायचे. बाजीरावांच्या थोरल्या मुलाला आजोबांचंच नाव होतं, बाळाजी, आणि जग त्याला नानासाहेब म्हणून ओळखतं. तुम्हालाही सुरुवातीला जड गेलं तर ‘तारू’ म्हणा, ‘तारुली’ म्हणा.

आता मुलगा झाला तर. तुम्हाला सुचलेलं नाही म्हणता, आणि कळायचा मार्ग नाही, तेव्हा दोन्ही नावं तयार हवीत. मी एक सुचवते, पटलं तर घ्या. मयूर. मोरोपंत आपल्या कवितेत स्वतःला मयूर म्हणवून घेत, आणि तुमच्या सासऱ्यांच्या त्या वचनातही आर्या मोरोपंतांची न म्हणता मयूरपंतांची म्हटली आहे. त्यांची ‘केकावली’ म्हणजे तरी काय, मोराच्या केका, त्याच्या आर्त हाका. अभंग हे लघू-गुरू-लघू, मयूरही लघू-गुरू-लघू, वजन तेच. त्यात आजोबांचा आवडता कवी येतो, गाव येतं, आणि नाव मात्र उरलंसुरलं न होता आपल्या पायावर उभं राहतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे नाव पुष्कळ घरांत होतं, त्यामुळे जरा मागचं वाटेल. मला त्यात काही बिघडलेलं दिसत नाही. ओवी, श्लोक, मयूर. आजोबा नुसतं ऐकून ओळखतील. सांगावं लागणार नाही.

आर्येचं काय करायचं? तिला घालवायची गरज नाही. आपल्या नामकरणात एकच नाव ठेवायचं असं कधी नव्हतंच. देवतेवरून एक, महिन्यावरून एक, नक्षत्रावरून एक आणि व्यवहाराचं एक, अशी चार नावं विधीतच सांगितली आहेत. गुरुजी नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढून देतात, ते राशीचं नाव पत्रिकेत राहतं आणि हाक वेगळ्याच नावाने मारली जाते, हे आपण घरोघरी बघतो. मग मुलगी झाली तर पाळण्यातलं एक नाव आजोबांनी दिलेलं आर्या असू दे. नणंदबाई कानात कुर्र करतील तेव्हा आधी ते सांगतील आणि मग तारा. बायका त्यांच्या पाठीत धपाटे घालतील ते दोन नावांचे चार. आत्याचा मान राहतो, आजोबांचं वचन पाळण्यापर्यंत का होईना पुरं होतं, आणि दाखल्यावर तारा जातं. हे आधीच बोलून ठरवा. बारशाच्या दिवशी, घुगऱ्यांचा डबा हातात असताना, हा विषय काढू नका.

दाखल्याचं निघालंच आहे तर लगेच सांगते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण तेव्हा नाव ठरलेलं नसलं तरी नोंद होते, नावाची जागा रिकामी राहते. पुढे वर्षभरात ते नाव काही पैसे न भरता घालता येतं, वर्ष उलटलं की विलंब शुल्क. तेव्हा घरात बोलणी पुरी व्हायच्या आत कुणी घाईने नाव लिहून मोकळं होऊ नये, एवढं यजमानांना सांगून ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरतात, आणि त्यावर एकदा आलेलं नाव पुढे बदलायचं म्हटलं की बरीच खटपट पडते. इंग्रजी स्पेलिंगही तेव्हाच ठरवा. ‘ता’मध्ये एक ए की दोन, यावर पुढे बँकेत आणि आधारकार्डावर वेगवेगळं नको.

आणि एक गोष्ट जी कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. म्हणजे दाखल्यावर आधी ‘तारा’ येईल आणि तिच्या लगेच शेजारी तुमचं नाव. तुमच्या आईचं आणि तुमचं नाव एका ओळीत, एका कागदावर. आपल्या आईची पिढी लग्न झालं की माहेरचं नाव गाठोड्यात बांधून सासरी आली, कित्येकींचं तर पहिलं नावही मांडवात बदललं गेलं. त्यांच्यापैकी एकीचं नाव नातीच्या दाखल्यावर असं परत येतं आहे, हे वाचून मला, तुम्हाला न ओळखताही, भरून आलं.

ओवी आणि श्लोकबद्दल थोडं. त्यांना नावावर मत द्यायला बसवू नका. आठ वर्षांच्या मुलीने आवडीने सुचवलेलं नाव बाजूला पडलं की तिला ते वर्षानुवर्षं आठवतं. त्यांना लाडाचं नाव ठेवायला द्या. ते पूर्णपणे त्यांच्या मालकीचं. चिऊ, पिटुकली, काय हवं ते. खऱ्या नावाची हाक सगळ्यांत जास्त तेच मारणार आहेत, अंगणातून, गच्चीतून, शाळेच्या फाटकातून, तेव्हा ते त्यांच्या जिभेवर आधी बसू दे. बारशाच्या आदल्या रात्री त्या दोघांना कानात सांगा, आणि सकाळपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घाला. श्लोक पाच वर्षांचा आहे, तो सांगणारच. सांगू दे.

शेवटी, तुमच्या पत्रात एक माणूस कुठेच नाही. सासरे आहेत, नणंदबाई आहेत, यजमान आहेत. तुमच्या सासूबाईंचं मत काय? त्या हयात असतील असं मी धरून चालते, कारण नसत्या तर तुम्ही लिहिलं असतंत. त्यांच्याही मनात येऊ शकतं की विहीणबाईंचं नाव घरात आलं, माझं कुठे आहे. ते त्यांना नणंदबाईंच्या तोंडून कळू नये. सासऱ्यांकडे जायच्या आधी त्यांच्याकडे जा. मोठी बैठक नको. संध्याकाळी मेथी निवडायला त्यांच्याजवळ बसा, तुमच्या आईची एखादी आठवण सांगा, ती कुठली भाजी कशी करायची ते सांगा, आणि बोलता बोलता तिचं नाव घ्या.